लग्नाच्या पंचविशीला फोटोंचा अल्बम: करिझ्मा घ्यावा की फोटोबुक?

लग्नाच्या वाढदिवसाला जोडीदाराला देण्यासाठी ‘आजवरच्या फोटोंचं पुस्तक’ सध्या दोन ठिकाणी करून मिळतं. एक म्हणजे गावातला फोटो स्टुडिओ, जो कलर लॅबकडून करिझ्मा अल्बम बनवून घेतो. दुसरं म्हणजे वेबसाइटवर फोटो चढवले की घरपोच येणारं फोटोबुक. जाहिराती वाचल्या तर दोन्ही एकच वाटतात. माल मात्र वेगळा आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. बंद असताना १२ बाय १२ इंच, उघडल्यावर १२ बाय २४, अशा मापाचा १५ शीटचा करिझ्मा या कामाला सगळ्यात चांगला. पत्रं, कविता, लांब मजकूर घालायचा असेल तर फोटोबुक घ्या. स्टुडिओवाले लग्नाच्या सवयीने उघडल्यावर १२ बाय ३६ होणारा अल्बम सुचवतात, तो घेऊ नका. तो मांडीवर मावत नाही, दोघांनी शेजारी बसून बघता येत नाही, आणि वजनामुळे शेवटी कपाटावर जातो.

करिझ्म्यात प्रत्येक शीट हा खऱ्या फोटो पेपरवरचा एकसंध प्रिंट असतो. मधोमध घडी घालून शीट पाठीला पाठ चिकटवतात, म्हणून अल्बम सपाट उघडतो. एक शीट म्हणजे दोन पानं. फोटोबुक डिजिटल प्रेसवर छापतात. भिंग धरलं तर ठिपके दिसतात, त्वचेचा रंग किंचित कोरडा वाटतो, पण बारीक अक्षर स्वच्छ उठतं. फोटोबुक घेताना बांधणी विचारा. साध्या चिकट बांधणीत पानाची आतली कड कण्यात जाते आणि तिथला चेहरा अर्धा गायब होतो. करिझ्म्यातही मधल्या घडीवर चेहरा नकोच, नाकावरून रेघ जाते. कापताना कड जाते म्हणून कडेपासूनही अर्धा इंच आत ठेवा.

आता खरी अडचण. २०२६ मध्ये पंचविशी करणारी जोडपी २००१ची, म्हणजे लग्नाचे फोटो फिल्मवरचे. प्रिंटचा मोबाइलने फोटो काढून स्टुडिओला पाठवला की काम तिथेच बिघडतं: ट्यूबलाइटची चमक, वाकड्या कडा, आणि व्हॉट्सअ‍ॅपने आकसलेली फाइल. साध्या पर्यायाने पाठवलेला फोटो लांब बाजूला सुमारे १६०० पिक्सेल उरतो. ३०० डीपीआयच्या, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांच्या, हिशेबाने तो सव्वापाच इंचापर्यंतच धड छापतो. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर द्या.

४ बाय ६ चा प्रिंट फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेच्या, स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन केला की ८ बाय १२ इंचांपर्यंत निर्धास्त मोठा करता येतो. पासपोर्ट साइजचा फोटो १२०० डीपीआयला घ्या. निगेटिव्हची पट्टी सापडली तर प्रिंट बाजूला ठेवा आणि निगेटिव्हच स्कॅन करा, कारण प्रिंटचे रंग उडालेले असतात. त्या काळात खडबडीत, जाळीदार पोताचा ‘सिल्क’ कागद फार चालायचा. त्यावर स्कॅनरचा दिवा पडला की चेहराभर पांढरे ठिपके येतात. असा प्रिंट दोनदा स्कॅन करावा, दुसऱ्यांदा वरची बाजू खाली येईल असा काचेवर फिरवून, आणि दोन्ही फाइली एकावर एक ठेवून चमक कमी करावी. हे करून देणारा डिझायनर असेल तर त्याला दोन पैसे जास्त द्या.

चिकट पानांच्या, वर प्लास्टिक असलेल्या अल्बममध्ये अडकलेला फोटो नखाने उचकटू नका. दात साफ करायचा धागा फोटोमागून करवतीसारखा हळूहळू सरकवला की बहुतेक वेळा सुटतो. नाहीच सुटला तर पानासकट स्कॅन करा.

लग्नाच्या कॅसेटमधून फोटो काढून देतो असं कुणी म्हणालं तर अपेक्षा बेताची ठेवा. आपल्याकडच्या व्हीएचएसची एक फ्रेम डिजिटल केल्यावर ७२० बाय ५७६ पिक्सेलची होते, म्हणजे जेमतेम अडीच इंच रुंद. सुरुवातीच्या कॅमेरा फोनचे ६४० बाय ४८० चे फोटो त्याहून लहान. हे फोटो पानभर ताणण्याऐवजी एका पानावर नऊ-दहा चौकोन करून लावावेत. छान दिसतात, आणि मुलं लहान असतानाची वर्षं नेमकी यातच असतात.

डिझाइनमध्ये सगळ्यात जास्त घोळ मराठी मजकुराचा. फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांची मांडणी चालू केलेली नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडून उजवीकडे उडी मारते, जोडाक्षरं फुटून हलन्त दिसतात. ‘स्मिता’चा स पाय मोडून वेगळा उभा राहतो. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की निव्वळ गिचमिड होते. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये पाठवा, आणि मंजुरी देण्याआधी शेवटची जेपीजी मागून प्रत्येक ओळ मोठी करून वाचा. ‘छापताना बरोबर येईल’ यावर विश्वास ठेवू नका. जेपीजीत जे आहे तेच छापलं जातं.

तयार टेम्पलेटमध्ये गुलाब, बदाम आणि कुणाचीही चालतील अशी इंग्रजी वाक्यं असतात. ती सगळी काढायला सांगा. त्याऐवजी तारीख, गाव आणि एक ओळ: ‘जून २००६, डोंबिवली. बदलीमुळे मी नागपूरला, दोन्ही पोरांच्या शाळा तिने एकटीने सांभाळल्या.’ अशा दहा ओळी जमल्या की अल्बमला अर्थ येतो.

निवडीतली नेहमीची चूक अशी: लग्नविधींना दहा शीट, पुढच्या पंचवीस वर्षांना पाच. विधींना तीन शीट पुष्कळ झाल्या. साठ-सत्तर फोटोंच्या वर जाऊ नका. आणखी एक, जो कॅमेरा धरतो तो फोटोत नसतो. सहलींच्या फोटोंत नवरा नाही, सणाच्या फोटोंत बायको स्वयंपाकघरात. अशी वर्षं नातेवाइकांच्या मोबाइलमधून, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या ग्रुप फोटोतून भरून काढता येतात. तिथेही नाही मिळालं तर वस्तू स्कॅन करा: तिच्या अक्षरातलं अनारशांचं प्रमाण, त्याने ठेवलेला लोकलचा पहिला पास, वाणसामानाची यादी. ३०० डीपीआय पुरतं, आणि त्या पानावर बाकी काही घालू नका.

रंगांत एकच धोका मोठा. जुने फोटो ‘उठावदार’ करताना लाल इतका चढवतात की शालूचं काठ-बुट्ट्यांचं काम सपाट होऊन लाल डाग उरतो. मोबाइलचा उजेड निम्म्यावर आणून प्रूफ, म्हणजे मंजुरीची जेपीजी, बघा. पूर्ण उजेडात चांगला दिसणारा फोटो कागदावर काळपट येतो.

फिनिश मॅटच घ्या. ग्लॉसीवर बोटं उमटतात आणि पावसाळ्यात, विशेषतः कोकण-मुंबईच्या दमट हवेत, पानं एकमेकांना चिकटू शकतात. वेल्वेट हाताला मऊ लागतं, पण नखाचा ओरखडा कायमचा राहतो. आतला गाभा पुठ्ठ्याचा आहे की प्लास्टिकचा, हे विचारा. पुठ्ठा ओल धरून वाकतो.

भाव सांगताना स्टुडिओ एकच आकडा देतात. तो फोडून घ्या: शीटचा दर, डिझाइनचा दर, पॅड म्हणजे कव्हर, आणि बॅग किंवा पेटी. बहुतेक वेळा जास्तीचा पैसा अ‍ॅक्रिलिकच्या पॅडवर आणि पेटीवर जातो. साधं पॅड घेऊन तो पैसा स्कॅनिंगवर घाला.

तुळशीच्या लग्नानंतर लॅब लग्नांच्या अल्बममध्ये बुडालेल्या असतात, तेव्हा तारखेच्या चार आठवडे आधी फोटो हातात द्या. अल्बम आला की दुकानातच उघडा: शीटचा क्रम, कडा सुटल्यात का, घडीवर रंग तडकला का, पहिल्या पानावरची तारीख. डिझाइनच्या मूळ फाइली आणि स्कॅन पेनड्राइव्हवर मागून घ्या. काही स्टुडिओ त्याचे वेगळे पैसे लावतात, म्हणून ही अट अ‍ॅडव्हान्स देतानाच बोलून ठेवा.