पेट्रोलची होडी बॅटरीवर: कर्ली खाडीतला एका हंगामाचा अनुभव

आमची १८ फुटी फायबरची होडी सिंधुदुर्गातल्या कर्ली खाडीत पर्यटकांना कांदळवन आणि पक्षी दाखवत फिरते. तिचं ९.९ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन उतरवून आम्ही ४ किलोवॉटची, ४८ व्होल्टची इलेक्ट्रिक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायची) मोटर आणि १० युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवली. दिवाळीपासून मेपर्यंत अख्खा हंगाम तिच्यावर काढला. खर्च पाच लाखांच्या घरात गेला, म्हणजे होडीच्या किमतीहून जास्त. तरीही खाडीत धंदा करणाऱ्याला मी सांगेन, कर. फक्त वेगाचा हट्ट सोड.

कारण सगळं गणित वेगावर आहे. ताशी ७ किलोमीटरला आमची मोटर ९०० वॉटच्या आसपास ओढते. ९ किलोमीटरला दोन किलोवॉट. १० ला पोचायचं म्हटलं की जवळजवळ पूर्ण ताकद लागते, कारण या लांबीची होडी तिथे स्वतःच्याच लाटेवर चढू लागते आणि पुढची सगळी वीज पाणी उसळवण्यात जाते. सावकाश गेलो तर एका चार्जमध्ये साठ किलोमीटर, घाई केली तर वीस. पेट्रोलवरही हेच घडत असतं, पण तिथे टाकीत अजून पाच लिटर ओतले की विषय संपतो.

त्यामुळे पंचांग पुन्हा हातात आलं. अष्टमीच्या भांगात, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, पाणी शांत असतं, कधीही निघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीत, मात्र ओहोटीविरुद्ध परत यायचं ठेवलं तर बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. आता आम्ही उतरत्या पाण्याबरोबर खाडीच्या मुखाकडे जातो आणि भरती लागली की वर येतो. माझ्या वडिलांच्या पिढीचे तांडेल (होडी हाकणारे) वल्ह्यावर हेच करत.

मला सगळ्यात उपयोगी पडला तो मोटर किती वीज ओढते हे सांगणारा वॉटचा आकडा. जानेवारीत ७ किलोमीटरच्याच वेगाला मोटर १,२०० वॉट ओढू लागली. बॅटरी ठीक होती, मोटर ठीक होती. होडी ओढून बघितली तर तळाला शिंपल्यांचा थर बसलेला. खरवडून काढल्यावर आकडा पुन्हा ९०० वर आला. पेट्रोल इंजिनावर हे कळलंच नसतं, नुसतं तेल जास्त जळलं असतं. मोटरच्या पंख्याला जाळ्याचा दोर किंवा प्लास्टिक अडकलं तरी आवाजाआधी आकडा उडी मारतो. तेव्हा लगेच मोटर बंद करून वर उचलायची.

आणि पक्षी! खंड्या तिवरावर बसून राहतो, होडी बरीच जवळ जाईपर्यंत उडत नाही. माणसं आपोआप हळू बोलतात. पाण्यावर तेलाचा तवंग नाही, धूर नाही, संध्याकाळी कान बधिर होत नाहीत. यासाठीच मी हा खर्च केला आणि तो मला पूर्ण पटला आहे.

त्रास दिला तो खाऱ्या हवेने. बसवून देणाऱ्याने साधी तांब्याची वायर वापरली होती. मार्चपर्यंत ती आवरणाखाली हिरवी पडली आणि एक जोड हात लावता येणार नाही इतका तापू लागला. पूर्ण ताकदीला ८० अँपिअर जातात, तिथे असा जोड म्हणजे आगीला आमंत्रण. कल्हई केलेली बोटीची वायरच मागा, जोड दाबून बसवून सीलबंद करा, बॅटरीजवळ मोठा फ्यूज हवाच. मोटरीच्या अंगावरचा, गंज स्वतःवर घेणारा झिंकचा तुकडाही झिजला की बदला.

रात्रभर साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर चार्जिंग होतं. एका चार्जचं बिल साधारण एक लिटर पेट्रोलइतकं येतं. पण लाइट गेली की दुसऱ्या दिवशीच्या फेऱ्या अडचणीत येतात, हे गृहीत धरा.

होडीवर सोलर पॅनेल का नाही, असं बरेच जण विचारतात. केरळात वैकोमला २०१७ पासून चालणारी ‘आदित्य’ फेरी सौर आहे, ७५ माणसं नेते. पण ती मुळातच शेजारी-शेजारी जोडलेल्या दोन तळांची, ७ मीटर रुंद बोट आहे. आमच्या अरुंद होडीवर डोक्याइतक्या उंचीला पॅनेलचं वजन चढवलं तर ती डुलू लागेल, आणि माणसं बसवायची असताना तो धोका मी घेणार नाही.

देवबागजवळ खाडीच्या मुखाबाहेर समुद्रात जायचं असेल तर ही मोटर नको. तिथे लाटांतून निघायला जोर लागतो आणि परतीची खात्रीही. त्या कामाला जुनं इंजिन मी ठेवलं आहे, विकलेलं नाही.