८ जीबी की १६ जीबी? काही महिने खेळल्यावर कळलेला फरक

जुनं ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड काढून १६ जीबीचं आरटीएक्स ४०६० टीआय लावलं, त्याला आता बरेच महिने झाले. खेळतो १४४०पी रेझोल्यूशनवर. व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, दुप्पट झाली म्हणून एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) दुप्पट होत नाही, हे आधीच सांगतो. २०२३ मध्ये हेच कार्ड ८ आणि १६ अशा दोन्ही रूपांत आलं आणि दोन्हींत चिप तीच आहे. मेमरी पुरत असेल, तर दोघांचा वेग जवळपास सारखाच.

फरक पडतो तो मेमरी अपुरी पडली की. जुन्या कार्डावर टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेली चित्रं) अल्ट्रा या सर्वांत वरच्या दर्जावर ठेवून नवीन भागात शिरलो की गेम अडखळायचा. भिंतीला अगदी चिकटून उभं राहिलं तरी विटा धुरकट, आणि मग दोन-तीन सेकंदांनी एकदम स्पष्ट. सरासरी एफपीएस मात्र छान दिसायचा! त्याच वेळी टास्क मॅनेजरमध्ये शेअर्ड जीपीयू मेमरीचा आकडा चढत असायचा. म्हणजे कार्डात न मावलेला डेटा साध्या रॅममध्ये जात होता. ४०६० टीआयची स्वतःची मेमरी सेकंदाला २८८ जीबी वाचते, तर कार्डाला मदरबोर्डशी जोडणाऱ्या पीसीआयई ४.० च्या ८ लेनमधून जेमतेम १६ जीबी येतात. अडखळणार नाही तर काय?

बरेच जण रेझोल्यूशनला दोष देतात. खरं तर ४केची एक फ्रेम साधारण ३३ एमबीची. उलट ४०९६ बाय ४०९६ चं एकच टेक्स्चर कॉम्प्रेस करूनही १६ एमबीच्या आसपास जातं, आणि एका भिंतीला रंग, उंचसखलपणा, चकाकी अशी अनेक टेक्स्चर लागतात. त्यावर रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब) आणि फ्रेम जनरेशनही (मधल्या जादा फ्रेम तयार करणं) आपापला वाटा मागतात.

आफ्टरबर्नर या कार्डाचे आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १२ जीबी दिसले म्हणून १२ हवेतच असं नाही. जागा मोकळी दिसली की बरेच गेम ती अडवून ठेवतात. खरी गरज कळते ती फ्रेमटाइमच्या, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेच्या, आलेखात: रेष सपाट असेल तर निवांत खेळा.

माझं मत असं: १०८०पीवर ई-स्पोर्ट्स खेळणाऱ्यांना ८ जीबी भरपूर झाले. नवे मोठे गेम १४४०पीवर खेळायचे तर १२ च्या खाली जाऊ नका, आणि कार्ड चार-पाच वर्षं चालवायचं असेल तर १६ च घ्या. पण १६ जीबीच्या मोहात दुबळी चिप गळ्यात मारून घेऊ नका.

सध्या ८ जीबी असेल तर लगेच नवीन कार्डाच्या मागे लागू नका. आधी टेक्स्चर अल्ट्रावरून हायवर आणा, फ्रेम जनरेशन बंद करा, मागे उघडा राहिलेला ब्राउझर बंद करा आणि गेम पुन्हा सुरू करून बघा. बऱ्याच गेममध्ये तेवढ्यानं अडखळणं थांबतं, आणि हाय-अल्ट्रातला फरक खेळताना क्वचितच जाणवतो.