वर्गणी बंद केली होती, तरी खात्यातून पैसे गेले

रात्री पावणेबाराला मोबाईलवर बँकेचा मेसेज आला, खात्यातून पैसे वजा झाल्याचा. कंपनीचं नाव अर्धवट, नुसती पाच-सहा अक्षरं. थोडं डोकं खाजवल्यावर लक्षात आलं, ही तर ती ऑनलाइन क्लासवाली कंपनी! तिची वर्गणी मी दोन महिन्यांपूर्वीच बंद केली होती, बंद झाल्याचा त्यांचा ईमेलही माझ्याकडे होता. स्टेटमेंट उघडलं तर आदल्या महिन्यातही तेवढाच हप्ता गेलेला. तेव्हाचा मेसेज मी बघितलाच नव्हता.

यानंतर मी जो मूर्खपणा केला, तो सांगायला हे लिहितोय. बँकेत न जाता मी कंपनीच्या मागे लागलो. कस्टमर केअरवाली बाई फार गोड बोलायची. "सर, रिफंड प्रोसेसमध्ये आहे, सात ते दहा दिवस लागतील." दहा दिवसांनी फोनवर दुसराच कोणी, त्याने तक्रार 'वरच्या टीमकडे' पाठवली. मग म्हणे, पैसे नाही देता येणार, पण तेवढ्याचे पॉइंट देतो, पुढच्या कोर्सला वापरा. (हे असलं काही घेऊ नका. घेतलंत की "मिटलं" म्हणायला ते मोकळे.) या सगळ्यात महिना गेला आणि तिसरा हप्ताही गेला.

मग दुसऱ्याच दिवशी बँक गाठली. काउंटरवरच्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. कंपनीच्या नावापुढे 'सक्रिय' आणि मुदतीच्या रकान्यात 'रद्द करेपर्यंत'. "सर, मँडेट तुम्हीच दिलंय." बरोबर होतं त्यांचं. फुकट ट्रायलच्या नादात मी जो ओटीपी टाकला, तेच ते मँडेट, म्हणजे कंपनीला खात्यातून दर वेळी परस्पर पैसे कापू देण्याची बँकेला दिलेली परवानगी. कंपनीची वर्गणी बंद करणं वेगळं आणि बँकेतलं मँडेट रद्द करणं वेगळं, हे तोवर माझ्या गावीही नव्हतं. ॲप काढून टाकल्याने तर काहीच होत नाही.

पण "तुम्हीच दिलंय" यावर विषय संपत नाही. मी ईमेलचा प्रिंट पुढे केला आणि लेखी अर्जात दोन मागण्या केल्या: मँडेट आजच रद्द करा, आणि वर्गणी बंद केल्याच्या तारखेनंतरचे हप्ते अनधिकृत व्यवहार म्हणून नोंदवा. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तक्रार क्रमांक घेतला. युरोपीय संघाच्या पेमेंट कायद्यात तर स्पष्टच म्हटलंय, की संमती मागे घेतल्यावरचे पुढचे व्यवहार अनधिकृत धरायचे.

खरा खेळ दिवसांचा आहे. भारतात रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा प्रकरणात, बँकेचा मेसेज आल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच भार पडत नाही. 4 ते 7 कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ठराविक मर्यादेपर्यंत पडतो, त्यानंतर बँकेच्या धोरणावर. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचं ओझंही बँकेवरच. अमेरिकेत स्टेटमेंट पाठवल्यापासून 60 दिवस मिळतात. युरोपात डायरेक्ट डेबिट (म्हणजे कंपनीनेच खात्यातून पैसे ओढून घेणं) असेल तर 8 आठवड्यांत कारण न देता पैसे परत मागता येतात, अनधिकृत असेल तर 13 महिने. देश कोणताही असो, कस्टमर केअरच्या गोड बोलण्यात गेलेले दिवस कोणी वजा करून देत नाही. कंपन्यांना हे चांगलं माहीत असतं असा माझा दाट संशय आहे.

माझंही तसंच झालं. तिसरा हप्ता बँकेने परत जमा केला. आधीच्या दोन हप्त्यांना "उशिरा कळवलं" म्हणून नकार, तोही मी लेखी मागून घेतला. पुढे लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जायचं तर बँकेचं उत्तर हातात लागतं. भारतात बँकेने 30 दिवसांत उत्तरच दिलं नाही तरी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फी लागत नाही. पोलिसांत जाण्यासारखं माझं प्रकरण नव्हतं. मात्र ज्यांनी मँडेट कधी दिलंच नाही, खोट्या सहीने किंवा चोरलेल्या तपशिलाने पैसे गेलेत, त्यांनी बँकेबरोबर पोलिसांतही त्याच दिवशी तक्रार द्यावी.

कंपनीला मी वकिलाकरवी नोटीस पाठवली, सोबत त्यांचाच ईमेल जोडला. आठवड्याभरात दुसरा हप्ता खात्यात आला. पहिला मात्र "नोटीस पिरियडचा" म्हणून अडवून धरलाय. अटींमध्ये तसा शब्दही नाही, त्यामुळे त्यासाठी ग्राहक आयोगाकडे तक्रार टाकली आहे.

दरम्यान, पुढच्या महिन्यात त्याच तारखेला, त्याच वेळेला, पुन्हा मेसेज आला. कंपनीने परत हात घातला होता. या वेळी पुढे लिहिलं होतं: मँडेट रद्द, व्यवहार नाकारला.