ल्यूसर्नचा बूर्बाकी पॅनोरमा: शस्त्रे खाली ठेवणाऱ्या फौजेसमोर दोन तास

स्वित्झर्लंडच्या सहलीत ल्यूसर्न शहराच्या वाट्याला बहुधा अर्धा दिवस येतो आणि तो लाकडी चॅपेल पूल, सरोवराचा काठ आणि घड्याळांची दुकाने यांत संपून जातो. आपल्याकडून जाणारे पुष्कळ प्रवासी सिंहाच्या प्रसिद्ध शिल्पापर्यंत पोहोचतात, छायाचित्रे काढतात आणि तिथून पायी काही मिनिटांवर, ल्योवेनप्लात्स चौकात उभी असलेली इमारत न पाहताच बसकडे वळतात. त्या इमारतीत बूर्बाकी पॅनोरमा, म्हणजे पाहणाऱ्याच्या चहूबाजूंनी फिरणारे एक प्रचंड युद्धचित्र, आहे. स्विस लोकांचा लष्करी इतिहास ज्याला मनापासून समजून घ्यायचा आहे, त्याने ल्यूसर्नमधली बाकी सगळी ठिकाणे सोडली तरी चालतील, पण हे ठिकाण सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जिना चढून आपण मधल्या चौथऱ्यावर येतो आणि चहूबाजूंनी बर्फाने वेढले जातो. सुमारे ११२ मीटर लांब आणि १० मीटर उंच असा अखंड कॅनव्हास आपल्याभोवती गोल फिरवलेला आहे. त्याला कोपरा नाही, चौकट नाही, त्यामुळे नजरेला थांबायला जागाच मिळत नाही. चित्र आणि चौथरा यांच्यामधल्या जमिनीवर माणसांचे पूर्णाकृती पुतळे, मोडके सामान आणि रेल्वेचा डबा मांडलेला आहे. मांडलेली जमीन कुठे संपते आणि रंगवलेली कुठे सुरू होते, हे शोधण्यात माझी पहिली दहा मिनिटे गेली. मग मी शोधणे सोडून दिले आणि माणसांकडे पाहू लागलो.

चित्रातला प्रसंग १८७१ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या दिवसांतला आहे. प्रशिया या जर्मन राज्याशी चाललेल्या युद्धात फ्रान्सची पूर्वेकडची फौज बेल्फोर या फ्रेंच शहराला शत्रूने घातलेला वेढा उठवायला निघाली होती. लिझेन नदीच्या काठी ती मागे रेटली गेली आणि परतीचे रस्ते शत्रूने तोडल्यामुळे स्विस सीमेवरच्या जुरा पर्वताच्या बर्फात कोंडली गेली. जानेवारीअखेर झालेल्या युद्धबंदीतून ही आघाडी वगळलेली होती, म्हणजे तहाचाही आधार तिला उरला नव्हता. सेनापती बूर्बाकी यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली, ते वाचले, पण फौजेची सूत्रे जनरल क्लँशाँ यांच्याकडे गेली. त्यांनी १ फेब्रुवारीला ले व्हेरिएर या सीमेवरच्या गावी स्विस सेनापती हान्स हेरत्सोग यांच्याशी करार केला: शस्त्रे खाली ठेवा आणि आत या. तीन दिवसांत सुमारे ८७,००० माणसे आणि १२,००० च्या आसपास घोडे सीमा ओलांडून आले. त्या वेळी देशाची सगळी लोकसंख्या साडेसव्वीस लाखांच्या घरात होती, म्हणजे दर तीस माणसांमागे एक उपाशी, आजारी सैनिक अचानक दारात येऊन उभा राहिला.

हा हिशेब वाचून कळतो. पॅनोरमात तो दिसतो. डोंगराकडून येणारी रांग संपतच नाही. रस्त्याच्या कडेला बंदुकांचा ढीग वाढत चालला आहे, आणि लाल विजारी घातलेले सैनिक त्याच्याजवळून खाली मान घालून पुढे सरकत आहेत. त्यांच्यासमोर स्विस सैनिक ओळीने उभे आहेत. त्या ओळीत विजयाचा आव कुठेही नाही, आणि मला या चित्राची सर्वांत मोठी थोरवी तिथेच वाटली. युद्धचित्र म्हटले की आपण तलवारी, उधळलेले घोडे आणि झेंडे यांची अपेक्षा करतो. इथले घोडे पाय ओढत चालले आहेत, काही कोसळले आहेत.

चित्रकार एदुआर कास्त्र हे जिनिव्हाचे. या युद्धात ते रेडक्रॉसचे स्वयंसेवक म्हणून याच फौजेबरोबर होते, त्यामुळे जे रंगवले ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. १८८१ मध्ये जिनिव्हात सहकाऱ्यांचा ताफा घेऊन त्यांनी हे काम पुरे केले. त्या ताफ्यात पुढे विख्यात झालेले फर्डिनांड होडलर हेही होते, तेव्हा जेमतेम अठ्ठावीस वर्षांचे. १८८९ मध्ये चित्र ल्यूसर्नला आले. पुढे इमारतीत मोटारींचे गॅरेज झाले आणि त्या फेरफारांत कॅनव्हासची उंची कमी करण्यात आली. वरचे आभाळ पाहताना ही गोष्ट मनात राहते आणि हळहळ वाटते. उरलेले चित्र मात्र नेटाने जपले आहे.

एक गोष्ट जाणाऱ्याने आधीच वाचून जावी, कारण चित्र पाहून ती कळणार नाही. स्विस फौजेची ती शिस्तबद्ध ओळ तशी भक्कम नव्हती. खर्च वाचवण्यासाठी बरेचसे सैन्य घरी पाठवलेले होते, कॅन्टनांकडून, म्हणजे देशाच्या घटक राज्यांकडून, येणाऱ्या तुकड्यांची तयारी सारखी नव्हती, आणि हेरत्सोग यांनी त्यावर कठोर टीका केली होती. १८७४ च्या नव्या संघराज्य घटनेत लष्करावरचा केंद्राचा अधिकार वाढला, त्यामागे या अनुभवाचा मोठा वाटा आहे. चित्रातल्या प्रसंगानंतर जे घडले तेही कॅनव्हासवर नाही: आश्रय मिळालेल्यांपैकी सुमारे १,७०० जण इथेच आजारपणाने दगावले, आणि उरलेले मार्चमध्ये मायदेशी परतले.

माझा सल्ला असा की आधी सिंह पाहावा. १० ऑगस्ट १७९२ रोजी पॅरिसच्या राजवाड्यात फ्रान्सच्या राजासाठी लढताना मारल्या गेलेल्या स्विस पहारेकऱ्यांचे ते स्मारक डॅनिश शिल्पकार थोरवाल्सन यांच्या आराखड्यावरून १८२१ मध्ये खडकात कोरले गेले. शतकानुशतके या डोंगराळ मुलखातली मुले परक्या राजांच्या पगारावर मरत आली. १८४८ च्या घटनेने असे नवे लष्करी करार बंद केले आणि १८५९ च्या कायद्याने परदेशी फौजेत भरती होण्यावर बंदी आणली. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी ले व्हेरिएरचा प्रसंग घडला. ज्या फ्रान्ससाठी आजे-पणजे मेले, त्याच फ्रान्सची फौज नातवांनी बर्फातून आत घेतली, आणि हे दोन्ही टोकांचे स्मरण एकाच चौकाच्या आसपास उभे आहे.

रेल्वे स्थानकातून सरोवरावरचा पूल ओलांडून चालत पंधरा मिनिटांत पोहोचता येते. लहान मुलांना चित्रातली माणसे शोधायला आवडतील, पण घाईच्या गटाबरोबर जाऊ नये. चौथऱ्यावर एक फेरी सावकाश मारावी, थोडे थांबावे आणि दुसरी फेरी उलट दिशेने मारावी. मला दुसऱ्या फेरीतच रेडक्रॉसची गाडी नीट दिसली. तिच्याजवळ मदतनिसाच्या वेशात कास्त्र यांनी स्वतःला रंगवले आहे, त्या गर्दीत सहज नजरेतून निसटेल इतके लहान.