सिएटलचा सीवर कपॅसिटी चार्ज : सूत्र चांगलं, वसुली बेकार

सिएटलभोवतीच्या रेडमंड, बॉथेल, समामिश या पट्ट्यात नवं घर घेतलं की ताबा मिळाल्यावर कधीतरी किंग काउंटीकडून, म्हणजे सिएटल ज्या जिल्ह्यात येतं त्याच्या प्रशासनाकडून, एक वेगळं बिल येतं. हे पाण्याचं नसतं, मालमत्ता कराचं नसतं आणि गावच्या सीवर डिस्ट्रिक्टचंही, म्हणजे गटारं सांभाळणाऱ्या स्थानिक संस्थेचंही, नसतं. हा सीवर कपॅसिटी चार्ज, सांडपाणी यंत्रणेच्या वाढीव क्षमतेसाठीचं शुल्क. घराची ड्रेनेज जोडणी काउंटीच्या सांडपाणी यंत्रणेला पहिल्यांदा लागली की पुढची १५ वर्षं तो भरायचा. २०२१ पासून एकट्या, स्वतंत्र घरांसाठी तो घराच्या क्षेत्रफळावर ठरतो. आधीच सांगतो : आकारणीचं सूत्र अमेरिकेतल्या बऱ्याच ठिकाणांपेक्षा शहाणं आहे, पण वसुलीची रीत अशी आहे की घेणाऱ्याला तो खर्च दिसतो तेव्हा घराचा सौदा होऊन गेलेला असतो.

आधी पैसा जातो कुठे ते बघू. इथे रस्त्याखालची छोटी गटारं शहराची किंवा स्थानिक डिस्ट्रिक्टची, आणि मोठ्या वाहिन्या व शुद्धीकरण केंद्रं काउंटीची, अशी वाटणी आहे. सिएटलशेजारच्या लेक वॉशिंग्टनमध्ये सांडपाणी सोडून सोडून तळं हिरवं पडायला लागलं, तेव्हा १९५८ साली मतदारांनी 'मेट्रो' ही प्रादेशिक संस्था उभी केली. तिची रेंटनचं साउथ प्लांट आणि सिएटलचं वेस्ट पॉइंट ही दोन केंद्रं साठच्या दशकात चालू झाली, आणि तोच कारभार आता काउंटीकडे आहे. वस्ती वाढत गेली आणि २०११ मध्ये ब्राइटवॉटर हे तिसरं मोठं केंद्र सुरू झालं. मेम्ब्रेनने पाणी गाळणारं हे केंद्र आणि तिथून प्युजेट साउंड या समुद्राच्या खाडीपर्यंतचा सुमारे १३ मैलांचा खोल बोगदा, असा सगळा खर्च जवळपास १.८ अब्ज डॉलरवर गेला. वाढीव क्षमतेचा हा खर्च जुन्या रहिवाशांवर न टाकता ज्यांच्यामुळे ती लागली त्यांनी उचलावा, हे धोरण. १ फेब्रुवारी १९९० पासून जोडलेल्या प्रत्येक घराला चार्ज लागू आहे. जुनं घर सेप्टिक टँकवरून सीवरवर आणलं तर तेही यात येतं. 'नवं बांधकाम' हा निकष नाही, 'नवी जोडणी' हा आहे.

आता हिशेब. मोजमापाचं एकक आहे आरसीई, म्हणजे एका सरासरी घराएवढं सांडपाणी. महिन्याला ७५० घनफूट पाणी, दिवसाला सुमारे ७०० लिटर. १,५०० चौरस फुटांपेक्षा लहान घर ०.८१ आरसीई, १,५०० ते २,९९९ पर्यंतचं १, आणि ३,००० व त्यापुढचं १.१६. मागच्या अंगणात बांधलेल्या छोट्या जोडघराला, म्हणजे एडीयूला, ०.५९. दोन ते चार घरांच्या इमारतीत दर घराला ०.८१, पाच किंवा जास्त घरांच्या इमारतीत ०.६३. २०२१ च्या आधी एकटं घर ९०० चौरस फुटांचं असो की ५,००० चं, सगळ्यांना एकच माप लागत होतं.

२०२५ मध्ये जोडलेल्या घरासाठी एका आरसीईचा दर महिना ७६.०९ डॉलर. १८० महिने गुणिले तर मधल्या घराला १३,६९६ डॉलर. लहान घराला महिना ६१.६३, एकूण ११,०९४. मोठ्याला महिना ८८.२६, एकूण १५,८८८. जोडणीच्या वर्षीचा दर त्या घराला पुढची १५ वर्षं कायम राहतो, दरवाढ फक्त नंतर जोडणाऱ्यांना. त्यामुळे एकाच गल्लीत २०२१ चं घर एका आरसीईला ६८.३४ भरतं आणि शेजारचं २०२५ चं ७६.०९. यात चूक काही नाही, पण शेजाऱ्याचं बिल बघून भांडायला जाऊ नका.

'चौरस फुटामागे अमुक डॉलर' असा सरळ दर का नाही, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की सांडपाणी माणसं तयार करतात, फरशी नाही. ४,२०० फुटांच्या घरात १,४०० फुटांच्या घरापेक्षा सरासरी माणसं जास्त असतात, पण तिप्पट नसतात. वाढीव जागा जाते बोनस रूममध्ये, ऑफिसात, उंच छताच्या हॉलमध्ये आणि पाहुण्यांच्या खोलीत, जी वर्षातून दोनदा उघडते. सरळ दर लावला तर मोठ्या घराकडून त्याच्या भारापेक्षा जास्त पैसे घेतले जातात आणि लहान घराला गरजेपेक्षा जास्त सूट मिळते. १.१६ भागिले ०.८१ म्हणजे १.४३. लहान आणि मोठ्या घरात तिपटीऐवजी दीडपटीच्याही आतला फरक, हे प्रत्यक्ष वापराच्या बरंच जवळ आहे. म्हणूनच मी सूत्राला चांगलं म्हणतो.

दोष आहे पायऱ्यांमध्ये. २,९९० फुटांचं घर १ आरसीई आणि ३,०१० चं १.१६. वीस फुटांसाठी १५ वर्षांत २,१९१ डॉलरचा फरक. एक कपाट कमी केलं तर तेवढे वाचतात. नकाशा पक्का होण्याआधी वास्तुविशारदाला हा आकडा सांगून ठेवा, आणि कोणती जागा मोजली जाते, गॅरेज, अर्धवट तळघर, पोटमाळा, ते अर्जावरच्या व्याख्येत वाचा. ९०० फुटांचं आणि १,४०० फुटांचं स्वतंत्र घर एकाच पायरीवर आहेत, हेही पटत नाही. ज्यांना खरोखर लहान घर बांधायचंय त्यांच्यासाठी खाली आणखी एक पायरी हवी होती.

दुसरी गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. आकार बघितला जातो तो फक्त या १५ वर्षांच्या चार्जला. काउंटीचा दरमहाचा शुद्धीकरण दर, २०२५ मध्ये ५८.२८ डॉलर, प्रत्येक स्वतंत्र घराला एक आरसीई म्हणून सारखाच लागतो, मग घर केवढंही असो. स्थानिक संस्था तो तुमच्याकडून कसा वसूल करते ते वेगळं. सिएटल शहर पाण्याच्या वापरावर घेतं, बरेच डिस्ट्रिक्ट सरळ सपाट आकारतात. लहान घराला एका हाताने दिलेली सवलत दुसऱ्या बिलात दिसत नाही.

इतर पद्धतींशी तुलना केल्याशिवाय हे कळणार नाही. महाराष्ट्रात नगरपालिका नळजोड देते तो नळीच्या व्यासावर, अर्धा इंच, पाऊण इंच, एक इंच. अमेरिकेत पाण्याच्या जोडणीचं शुल्क बहुतेक ठिकाणी त्याच विचाराने, मीटरच्या आकारावर ठरतं. अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशनच्या मापात ५/८ इंची मीटर मिनिटाला २० गॅलन देतो आणि त्याला १ धरतात, पाऊण इंची ३० गॅलन म्हणजे १.५, एक इंची ५० गॅलन म्हणजे २.५. हिशेब सोपा, तपासायला सोपा. पण घरात अग्निशमन स्प्रिंकलर बसवले की सहसा एक इंची मीटर लागतो. कॅलिफोर्नियात २०११ पासून नव्या घरांना स्प्रिंकलर सक्तीचे आहेत. रोजचं पाणी तेवढंच, आगीसाठी राखलेल्या प्रवाहापायी शुल्क अडीचपट. अनेक संस्था आता घरगुती वापराला लागणाऱ्या मीटरचंच शुल्क लावतात. अर्ज करताना 'मीटर स्प्रिंकलरसाठी मोठा केलाय' असं लेखी नोंदवा, नाहीतर कोणी आपणहून कमी करत नाही.

तिसरी पद्धत नळ-संडास मोजण्याची. युनिफॉर्म प्लंबिंग कोड या नळकामाच्या नियमावलीत १.६ गॅलनच्या टाकीच्या संडासाला ३ ड्रेनेज युनिट (सांडपाण्याच्या भाराचं माप), बेसिनला १, टबला २, शॉवरला २, स्वयंपाकघराच्या सिंकला २, कपडे धुण्याच्या यंत्राला ३. दोन संडास, दोन बेसिन, एक टब, एक शॉवर, सिंक आणि वॉशर मिळून १७. तिसरं स्नानगृह वाढवलं, संडास-बेसिन-शॉवर, की २३. दुकान, दवाखाना, हॉटेल यांना ही पद्धत शोभते, आणि किंग काउंटी व्यापारी जागांना २० युनिटला एक आरसीई या हिशेबाने तीच लावते. घराला मात्र ती नीट बसत नाही. संडास वाढले म्हणून घरातली चार माणसं जास्त वेळा जात नाहीत. शिवाय लोक नकाशात एक बेसिन कमी दाखवतात आणि तपासणी झाल्यावर बसवून घेतात.

डेन्व्हर वॉटर ही कोलोराडोतल्या डेन्व्हरची पाणीसंस्था पाण्याच्या जोडणीला स्वतंत्र घरासाठी ठरावीक रक्कम घेते आणि वर प्लॉटच्या चौरस फुटामागे दर लावते. घर नव्हे, प्लॉट. कोरड्या हवेत उन्हाळ्यातली सर्वोच्च मागणी हिरवळीची असते आणि पाण्याचे पंप-वाहिन्या त्या दिवसासाठी बांधाव्या लागतात. म्हणजे पाण्याला प्लॉट आणि सांडपाण्याला घर, अशी विभागणी तर्काला धरून आहे. दोन्ही शुल्कं एकाच मापाने मोजणाऱ्या गावांनी याचा विचार करावा.

आता वसुली, जिथे मी गुण कापतो. स्थानिक डिस्ट्रिक्टचं जोडणी शुल्क, 'जनरल फॅसिलिटीज चार्ज', बिल्डर परवान्याच्या वेळी भरून टाकतो, ते घराच्या किमतीत मुरतं. काउंटीचा कपॅसिटी चार्ज मात्र बिल्डर सहसा भरत नाही. तो मालकाच्या नावे निघतो आणि ताबा घेतल्यावर तुम्ही मालक झालेले असता. थकला तर घरावर बोजा चढतो. घराच्या मालकीहक्काच्या तपासणीच्या अहवालात, प्राथमिक टायटल रिपोर्टमध्ये, 'सीवर ट्रीटमेंट कपॅसिटी चार्ज असल्यास त्याची जबाबदारी' अशा अर्थाची ओळ असते, पण ती जुन्या-नव्या सगळ्याच घरांच्या रिपोर्टमध्ये छापून येते, म्हणून कोणी वाचत नाही. जुनं घर विकणाऱ्याने भरायच्या फॉर्म १७ मध्ये नेहमीच्या बिलाबाहेरच्या सीवर शुल्काचा प्रश्न आहे, त्याचं उत्तर कोरं असेल तर विचारा. बॉथेलचा काही भाग स्नोहोमिश काउंटीत येतो. तिथे घर घेणाऱ्यांना वाटतं की किंग काउंटीशी आपला संबंध नाही. सांडपाणी किंग काउंटीच्या केंद्रात जात असेल तर बिल येणारच.

ऑफर देण्याआधी पार्सल नंबर, म्हणजे मालमत्तेचा काउंटीतला नोंदणी क्रमांक, घेऊन काउंटीच्या कपॅसिटी चार्ज विभागाकडे तीन गोष्टी विचारा : जोडणीची तारीख, लावलेले आरसीई, आणि आज एकरकमी फेडायला लागणारी रक्कम. पाच वर्षं जुन्या घरावरही दहा वर्षांचे हप्ते शिल्लक असू शकतात. ती रक्कम विकणाऱ्याने क्लोजिंगला, म्हणजे सौदा पूर्ण होताना, एस्क्रोमधून (त्रयस्थाकडे ठेवलेल्या सौद्याच्या पैशातून) फेडायची की तुमच्याकडे यायची, हे करारात लिहून घ्या. तोंडी बोलण्याला इथे अर्थ नाही.

आरसीई चुकीचे लागले असण्याची शक्यता असते, कारण ते बिल्डरने भरलेल्या सीवर वापराच्या प्रमाणपत्रावर अवलंबून असतात. असेसरच्या (मालमत्ता करासाठी मूल्यांकन करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) नोंदीतलं क्षेत्रफळ आणि मंजूर नकाशा शेजारी ठेवून बघा, विशेषतः आकडा ३,००० किंवा १,५०० च्या आसपास असेल तर. जुनं घर पाडून त्याच जागी नवं बांधलं असेल तर जुन्या जोडणीचं श्रेय मिळू शकतं. त्यासाठी आधीच्या जोडणीचा आणि पाडकामाच्या परवान्याचा कागद लागतो, आणि तो घर पाडायच्या आधी जमवलेला बरा.

एकरकमी भरलं तर सूट मिळते. भरायची रक्कम म्हणजे पुढच्या हप्त्यांचं आजचं मूल्य, ज्या दराने ते काढतात तो काउंटी वेळोवेळी बदलते. उदाहरणापुरतं : ७६.०९ चे १८० हप्ते ३ टक्क्यांनी आजच्या भावात आणले तर सुमारे ११,०२०, ५ टक्क्यांनी ९,६२०. करानंतर तुमच्या ठेवीवर जे व्याज मिळतं त्यापेक्षा काउंटीचा सूटदर जास्त असेल तर फेडून टाका. कमी असेल तर हप्ते चालू ठेवा, कारण हप्ता वाढत नाही आणि महागाईत तो हलकाच होत जातो. दोन-चार वर्षांत विकायचा विचार असेल तर फेडण्याची घाई नको. बाजार गरम असेल तर घेणारा उरलेले हप्ते मुकाट्याने स्वीकारतो, थंड असेल तर ते तुमच्याच खिशातून जातात.

आई-बाबांसाठी मागे जोडघर बांधणाऱ्यांनी ०.५९ चा हिशेब आधीच धरावा : २०२५ च्या दराने महिना ४४.८९, १५ वर्षांत ८,०८१ डॉलर, स्थानिक डिस्ट्रिक्टचं शुल्क वेगळं. कॅलिफोर्निया या बाबतीत उदार आहे. तिथे आहे त्या घरातलीच खोली वेगळी करून एडीयू केलं तर साधारणपणे नवं जोडणी शुल्क घेता येत नाही, आणि वेगळं बांधलं तरी शुल्क त्याच्या क्षेत्रफळाच्या किंवा ड्रेनेज युनिटच्या प्रमाणातच लावावं लागतं. सिएटलकडे मात्र ५०० फुटांची खोली आणि १,००० फुटांचं जोडघर दोन्ही एकाच ०.५९ वर आहेत, त्यामुळे फक्त या चार्जसाठी जोडघर लहान करण्यात काही फायदा नाही.