गंधक-सेलेनियमसाठी आधी काय करावं : डायबोरीन की डायबोराइन?

बोरॉनच्या बहुबंधावर गंधक किंवा सेलेनियम घालून बघायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो कुठल्या बंधापासून सुरुवात करायची: दोन बोरॉनमध्ये दुहेरी बंध असलेल्या डायबोरीनपासून, की तिहेरी बंध असलेल्या डायबोराइनपासून. तुम्ही गोव्यात ताळगावच्या पठारावरच्या विद्यापीठात असा की झुआरीनगरच्या बिट्समध्ये, ग्लव्हबॉक्स आणि श्लेंक लाइन (हवा आणि ओल लागू न देता काम करायची साधनं) हाताशी आहे असं धरून लिहितो.

निव्वळ रसायन बघितलं तर डायबोराइन सरस, यात वाद नाही. तिहेरी बंधातले सहाही इलेक्ट्रॉन ते देऊन टाकतं. गंधक किंवा सेलेनियमचे पाच अणू आत शिरतात आणि दोन बोरॉनमध्ये तीन पूल असलेला द्विचक्री सांगाडा तयार होतो. डायबोरीन चार इलेक्ट्रॉन देतं आणि गंधकाचे तीन अणू घेऊन पाच अणूंच्या कड्यावर थांबतं.

माझा कौल मात्र फिरला तो नॅफ्थलिनमुळे. डायबोराइनच्या २०१२ सालच्या मूळ पद्धतीत टेट्राब्रोमाइडला (चार ब्रोमीन असलेला आधीचा पदार्थ) सोडियम नॅफ्थलिनाइडचे चार तुल्यांक, म्हणजे एका रेणूमागे चार रेणू लागतात; ते इलेक्ट्रॉन देतं आणि मागे नॅफ्थलिन सोडतं. अर्धा मिलिमोल केलं तर आयडिप कार्बीनचं (बोरॉनला आधार देणारा मोठा सेंद्रिय गट) डायबोराइन शंभर टक्के उतारा मिळाला तरी ४०० मिलिग्रॅम, आणि त्यासोबत २५६ मिलिग्रॅम नॅफ्थलिन! थंड पेंटेननं धुवावं तर थोडा मालही वाहून जाण्याची भीती. निर्वातात उडवावं तर पंप तासन्‌तास चालू ठेवावा लागतो, आणि आपल्याकडच्या जुलैत एखादा सांधा किंचित जरी सैल असला तरी तेवढ्या वेळात दमट हवा आत येतेच. त्यात वीज गेली आणि झडप वेळेवर बंद केली नाही, तर सगळी मेहनत वाया.

राहिलेलं नॅफ्थलिन बोरॉनच्या एनएमआरमध्ये (फक्त बोरॉनचे अणू दाखवणारी चुंबकीय तपासणी) दिसत नाही. ३९ पीपीएमला स्वच्छ संकेत दिसतो आणि माल शुद्ध वाटतो. समजा त्यात वजनानं दहा टक्के नॅफ्थलिन आहे. तुम्ही ८० मिलिग्रॅम, म्हणजे ०.१० मिलिमोल समजून १६ मिलिग्रॅम गंधक घालता. प्रत्यक्षात डायबोराइन ०.०९ मिलिमोलच असतं आणि एका रेणूमागे पाचऐवजी साडेपाच अणू पडतात. जास्तीचं गंधक टोल्युइनमध्ये विरघळतं, ते गाळून निघत नाही. म्हणून प्रोटॉनचा एनएमआर काढल्याशिवाय वजन करू नये, आणि त्यातही नॅफ्थलिनचे संकेत कार्बीनच्या अॅरोमॅटिक प्रोटॉनांच्या शेजारीच येतात, तेव्हा इंटिग्रेशन (संकेतांच्या क्षेत्रफळावरून प्रमाण काढणं) जपून करावं.

अॅरिल गट (बेंझिनसारखं कडं) असलेलं डायबोरीन पोटॅशियम ग्रॅफाइटनं (ग्रॅफाइटच्या थरांत पोटॅशियम, तेही इलेक्ट्रॉन देतं) करता येतं. त्याच अर्ध्या मिलिमोलला दोन तुल्यांक, म्हणजे १३५ मिलिग्रॅम पुरतं. मागे राहतं ते ग्रॅफाइट आणि पोटॅशियम ब्रोमाइड. बेंझिनमध्ये दोन्ही विरघळत नाहीत, सेलाइटवर (गाळण्यासाठीची बारीक माती) गाळले की काम झालं. ग्रॅफाइटची बारीक पूड कधी खाली उतरते, तेव्हा सेलाइटचा थर दोन सेंटिमीटर ठेवावा आणि दाब हळू द्यावा. सेलाइट आधी निर्वातात तापवून सुकवलेलं हवं. पावसाळ्यात तर यात हयगय नकोच.

गंधक किंवा सेलेनियमचे पाच अणू असलेला द्विचक्री सांगाडाच हवा असेल तर डायबोराइनला पर्याय नाही, हे मान्य. तसं नसेल तर हात बसेपर्यंत डायबोरीन बरं, असं मला वाटतं. आणि डायबोराइनच घ्यायचं असेल तर नोव्हेंबरनंतर करावं आणि सुरुवात सेलेनियमनं करावी: ०.१० मिलिमोलला ३९.५ मिलिग्रॅम. करडं सेलेनियम टोल्युइनमध्ये जवळपास विरघळत नाही, त्यामुळे मापात थोडं जास्त पडलं तरी गाळणीवर राहतं.