अंदमान की लक्षद्वीप? मुंबईहून डायव्हिंगला निघताना

दोन्हीकडे पाणी नितळ, दोन्हीकडे प्रवाळ. फरक पडतो तो तुमच्या रजेत आणि तुम्हाला डायव्हिंग किती येतं त्यात.

पहिल्यांदाच उतरणार असाल तर बिनदिक्कत अंदमान. भारतीयांना नेहमीच्या पर्यटन बेटांसाठी परवाना लागत नाही. पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजय पुरम) खासगी बोटीने हॅवलॉक, म्हणजे स्वराज द्वीप, दीड ते अडीच तासांवर. तिथे डायव्हिंग केंद्रं भरपूर, त्यामुळे एका ठिकाणी जमलं नाही तर दुसरीकडे विचारता येतं. नेमो रीफवर किनाऱ्यावरूनच पाण्यात शिरता येतं. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज मात्र खोल, ते सरावलेल्यांसाठी. शिवाय जंगल आहे, खारफुटी आहे, चिडिया टापूला पक्षी आहेत. सोबतचं कुणी पाण्यात उतरणार नसेल तरी त्याचे दिवस फुकट जात नाहीत.

लक्षद्वीपला जंगल नाही. जे आहे ते पाण्यात. प्रवाळाच्या कड्याने वेढलेलं उथळ, शांत सरोवर आणि कड्यापलीकडे एकदम खोल उतार. हिरवी कासवं बघायलाही ही चांगली जागा. पण भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. तो हातात येण्याआधी परत न मिळणाऱ्या पैशांची तिकिटं काढू नका. कोचीहून अगत्तीला छोटं विमान जातं. धावपट्टी आखूड, हवा बिघडली की उड्डाण रद्द. म्हणून परतीला कोचीत एक दिवस मोकळा ठेवा, नाहीतर मुंबईचं तिकीट बुडतं. प्रवाळाची अपेक्षाही बेताचीच ठेवा: 1998, 2010 आणि 2016 मध्ये समुद्र तापल्याने इथलं बरंच प्रवाळ पांढरं पडून मेलं.

मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल तर पहिल्या पंधरवड्यातच. पुढे दोन्हीकडे समुद्र खवळतो. दिवाळीत अंदमानला पाऊस आणि वादळाची धास्ती असते. निवांत पाणी हवं तर जानेवारी ते एप्रिल. अंदमानला घड्याळ आपलंच, पण हिवाळ्यात पाच-साडेपाचलाच सूर्य मावळतो, त्यामुळे बोटी सकाळी लवकर सुटतात.

ओपन वॉटर कोर्स (नवशिक्यांचा पहिला डायव्हिंग कोर्स, 18 मीटरपर्यंत) तीन-चार दिवस खातो. थिअरी आणि तलावातला सराव मुंबईतच उरकून तिथे फक्त समुद्रातल्या चार डाइव्ह करता येतात. मात्र मुंबईत एवढा भाग पूर्ण केल्याचा दाखला तिथलं केंद्र स्वीकारतं का, ते आधी विचारा.

गडबड बहुतेक कानांची होते. दुखायला लागण्याआधीच, दर मीटरभराला, नाक चिमटीत धरून हलकेच कानांकडे हवा ढकला. दुखलं तर थोडं वर या, जोर लावू नका. सर्दीवर गोळी घेऊन उतरणं घातक: खाली असताना तिचा असर ओसरला तर वर येताना कानातली हवा अडकते. मिशीखालून मास्कमध्ये पाणी झिरपतं, तेव्हा वरच्या ओठाची कड साफ करून घ्या. दम्याचा त्रास असेल तर फॉर्मवर लपवू नका. डॉक्टरांचा दाखला मुंबईहूनच न्या.

शेवटची डाइव्ह आणि विमान यांत 18 तास हवेतच. विमानात हवेचा दाब कमी होतो आणि शरीरात साठलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. अंदमानला हे सहज जमतं: सकाळी हॅवलॉकला डाइव्ह, दुपारच्या बोटीने पोर्ट ब्लेअर, दुसऱ्या दिवशी उशिराचं विमान. अगत्तीला विमान सकाळचं असेल तर आदल्या दिवशी दुपारनंतरची डाइव्ह सोडून स्नॉर्केलवर (पृष्ठभागावर तरंगत नळीने श्वास घेत पाहणं) भागवावं लागतं.